बर्फाआधी मला सगळ्यांनी पाहिलं

मित्रांनो, मी एक जुना मूत्रपिंडाचा तुकडा आहे. देवगाव रंगारीच्या सोनाजींच्या पोटात मी जन्म काढला आणि आता छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत, फ्रीजरमधल्या छोट्या नळीत गोठून पडलो आहे. नळीवर ‘निरोगी’ असं लिहिलं आहे. ते खरं की खोटं, हे माझं मलाच कळेनासं झालं आहे.

माझं काम साधं होतं. रक्त गाळायचं, हवं ते ठेवायचं, नको ते लघवीत सोडायचं. सोनाजी दिवसभर मेंढरांमागे हिंडत. पाणी कमी पीत, बिड्या मात्र भरपूर ओढत. मला कधी कुणी शाबासकी दिली नाही. घरात माझं नाव निघालं, तेच लघवीतून रक्त गेलं तेव्हा.

आम्हा पेशींजवळ सूचनांचा मोठा साठा असतो. त्यांना जनुकं म्हणतात. गरज पडेल ती सूचना उघडायची, काम झालं की मिटायची. प्राणवायूवर आम्ही जगतो, पण त्यातूनच काही उपद्रवी कणही तयार होतात. बिडीच्या धुरानं ते फार माजले. त्यांचा मारा वाढला की आम्ही बचावाच्या सूचना उघडायचो, शांत झालं की मिटायचो. माझ्या शेजारच्या पेशींचं मात्र काहीतरी बिनसलं. त्यांनी उघडलेल्या सूचना मिटल्याच नाहीत. त्या मरेनात, थांबेनात. त्यांची गाठ झाली, कॅन्सरची. शेजारी बिघडला म्हणजे मीही बिघडलो का? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

डॉक्टरांनी गाठ काढली. तिच्या कडेचा म्हणून मीही निघालो. उरलेलं मूत्रपिंड त्यांनी सोनाजींच्या पोटात राहू दिलं.

आमच्याकडे रीत आहे. ऑपरेशनमध्ये जे काढलं, ते दाराशी आणून नातेवाइकांना दाखवायचं. सिस्टरनं आम्हाला ट्रेमध्ये बाहेर आणलं. सोनाजींच्या पत्नी राजाबाईंनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, झालं, आता बर्फात जायचं.

“सिस्टर, जरा थांबा की,” त्या म्हणाल्या. “आमच्या नणंदबाई गंगापूरहून निघाल्यात. त्यांनी बघितल्याबिगर त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा नाय.”

सिस्टर भली. थांबली. माझा रक्तपुरवठा तुटलेला, अंग अजून गरम. मी गुदमरलो आणि जीव वाचवायला दिसेल ती सूचना उघडत सुटलो. अखेर चंपाबाई आल्या. “अगं बाई, एवढं व्हतं व्हय पोटात!” म्हणाल्या. मग मला बर्फ मिळाला आणि मी तसाच, भांबावलेला, गोठलो.

पुढे इथल्या संशोधक तनुजाताईंनी, गाठीशी ताडून पाहायचा निरोगी नमुना म्हणून, मला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वच्छ दिसत होतो, पण गाठीतल्या पुष्कळ सूचना माझ्यातही उघड्या होत्या. मग सोनाजींच्या पोटात उरलेल्या माझ्या भावंडांचं काय? तेही काढावं लागणार का? डॉक्टर म्हणाले, “आधी खात्री करा. उगाच त्या माणसाला घाबरवू नका.” मला फार भीती वाटली.

सोनाजी तपासणीला आले, तेव्हा तनुजाताईंनी राजाबाईंना गाठलं. “मावशी, ऑपरेशनच्या दिवशी काय काय झालं होतं?”

“लई चांगली मानसं बघा तुमची. वाटंत जीप बंद पडली, तरी नणंदबाई येईस्तोवर सिस्टर ट्रे धरून उभी व्हती.”

“बर्फात?”

“बर्फ कशाला, ताई? नीट दिसाया पायजे ना!”

तनुजाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी दुसऱ्या एका ऑपरेशनमधून आलेल्या ताज्या निरोगी तुकड्याचे दोन भाग केले. एक लगेच बर्फात ठेवला, दुसरा तसाच टेबलावर. टेबलावरच्यानं माझ्यासारखाच गोंधळ घातला.

म्हणजे माझ्या उघड्या सूचनांवरून कॅन्सरचं काहीच ठरवता येईना, म्हणून मला अभ्यासातून वगळलं. नळीवर आता ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण सोनाजींचं स्कॅन स्वच्छ आलं. माझी भावंडं त्यांच्या पोटात अजून रक्त गाळताहेत, आणि सोनाजींनी बिडी सोडली आहे म्हणे.

मला मात्र अजूनही कळत नाही, की माझ्या कोणत्या सूचना बिडीनं उघडल्या, कोणत्या शेजाऱ्यानं आणि कोणत्या चंपाबाईंची वाट पाहताना. आता ते कुणालाच कळणार नाही. मित्रांनो, दाराशी ट्रे आला तर पाहू नका, असं मी म्हणत नाही. माया असते म्हणूनच माणसं पाहतात. फक्त मोबाइलवर एक फोटो काढून घ्या आणि माझ्यासारख्याला लगेच बर्फात जाऊ द्या. मग गंगापूरची जीप खुशाल उशिरा येऊ दे.