झिंबो बेडकाचा आवाज

मित्रांनो, तुम्ही मला माइक म्हणता. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा पडला आहे आणि अंगावरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे. त्यामुळे माझं वय वेगळं सांगायला नको.

माझी पहिली आठ वर्षं लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात गेली. जो येई तो माझ्या डोक्यावर टिचक्या मारून ‘हॅलो, हॅलो’ करी. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला आणि जितेश नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात त्याने छोटा स्टुडिओ काढला होता. भिंतींना गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे लावले होते. साल होतं २००२.

तिथे मला मानाचं काम मिळालं. परदेशात एक व्हिडिओ गेम होता. त्यातला हेल्मेट घातलेला बेडूक उड्या मारत पुढे जायचा. त्याच्यावरून मुलांसाठी कार्टून मालिका निघाली होती. ती मराठीत आणून सीडीवर काढायचं काम जितेशने घेतलं होतं. बेडकाचं नाव झिंबो. तो शिडीवरून पडायचा, रोलरखाली चपटा व्हायचा, स्वतःच पेटवलेल्या रॉकेटला लटकायचा आणि दर वेळी जीव खाऊन किंचाळायचा.

झिंबोचा आवाज क्लेमेंटीन टीचरांचा होता. त्या जवळच्याच राजोडी गावच्या. वय पन्नाशीचं. सकाळी प्राथमिक शाळेत शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये वरच्या सुरात गायच्या. शाळा सुटली की थेट स्टुडिओत यायच्या. पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या सुमेधाला विचारायच्या, “हं बाय, आज कुठून पडायचं?”

रेकॉर्डिंग सुमेधा करायची. आम्हाला वेळ मात्र फार थोडा मिळे. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन होतं. ते धडधडू लागलं की मला दुसरं काही ऐकू येत नसे. एक ते दीड त्या कामगारांची जेवणाची सुट्टी. तेवढा अर्धा तासच आमचा.

बाविसाव्या भागापासून मला काहीतरी खटकू लागलं. टीचरांची किंकाळी शेवटाकडे फाटत होती. आवाज संपायचा आणि नुसती हवा माझ्या जाळीवर आदळायची. माइकला हे सगळ्यांच्या आधी कळतं, मित्रांनो. पण मला ऐकता येतं, बोलता येत नाही. सुमेधाने एकदा विचारलं तेव्हा टीचर हसून म्हणाल्या, “सर्दी गं, दुसरं काय!”

पंचविसाव्या भागाचा दिवस आला. पाच वाजता काम देणाऱ्या कंपनीचा माणूस तो भाग न्यायला येणार होता. त्यात झिंबो विहिरीत पडत होता. टीचरांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. त्यांनी गळ्यावर हात दाबून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी जो आवाज आला, तो कोरड्या लाकडाला करवत लावल्यासारखा होता.

सुमेधा धावत आत आली आणि तिने माझी वायर उपटली.

“अगं, थांबवलंस का?” जितेश ओरडला. “अठराच मिनिटं उरलीयत!”

“टीचर, खरं सांगा,” सुमेधा म्हणाली.

टीचर खुर्चीवर बसल्या. घोगऱ्या आवाजात त्यांनी सांगितलं, “स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे की वाईट, ते काढून तपासल्यावर कळेल. डॉक्टर म्हणाले, एक शब्द बोलू नका. पण दोनच भाग राहिलेत बाय. आता दुसरं कोणी आणलं तर पोरं ओळखतील.”

“एक शब्दसुद्धा नाही! कुजबुजायचंही नाही,” सुमेधा म्हणाली. मग जितेशकडे वळली. “पडण्याच्या सगळ्या किंकाळ्या कॉम्प्युटरवर आहेत. मागच्या भागांतल्या जोडते. पण चार वाक्यं नवी लागतील.”

“ती कोण बोलणार?”

सुमेधाने त्याच्याकडेच बोट दाखवलं.

“मी? वेडी झालीस का?”

सुमेधाने माझी वायर पुन्हा जोडली. तो माझ्यासमोर आला तेव्हा घड्याळात एक वाजून एकवीस मिनिटं झाली होती. एरवी हुकूम सोडणाऱ्या जितेशच्या गळ्यातून पहिलं वाक्य चिरकं, भेदरलेलं निघालं. दुसऱ्यांदा तर त्याहून वाईट. टीचर उठल्या. न बोलता त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला, श्वास इथून घे अशी खूण केली आणि स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं. जितेशला कळलं. झिंबोला सर्दी झाली आहे!

नाक धरून त्याने तीन वाक्यं म्हटली. चौथं चुकलं. पुन्हा चुकलं. शेजारी कामगार परतल्याचे आवाज मला येऊ लागले. कोणीतरी मशीनचं झाकण आपटलं. टीचरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि तो बोलला, “विहिरीत पाणी आहे, हे आधी सांगायचं ना!” त्याच क्षणी मशीन धडधडलं. सुमेधाने काचेपलीकडून अंगठा वर केला. शेवटचा शब्द मशीनच्या आवाजातून वाचला होता.

दुसऱ्याच आठवड्यात टीचरांचं ऑपरेशन झालं. तपासणीचा अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत जितेशने कोणावर आवाज चढवला नाही. सव्विसावा भाग त्यानेच नाक धरून पुरा केला.

अहवाल आला. गाठ साधी होती.

दोन महिन्यांनी टीचर आल्या. सुमेधाने मला त्यांच्यासमोर उभं केलं. आम्ही सगळे श्वास रोखून होतो. निदान मला तरी तसं वाटलं. टीचर म्हणाल्या, “काय, जेवलात का सगळे?” आवाज खाली उतरला होता, थोडा खरबरीत झाला होता. चर्चमधले वरचे सूर कायमचे गेले होते. पण शाळेत मुलांना गोष्ट सांगण्याइतका आवाज उरला होता.

“वर्गात पोरं काय म्हणाली?” जितेशने चाचरत विचारलं. “शेवटचे भाग बघून?”

“म्हणाली, आमचा झिंबो बदलला. मी म्हटलं, मोठा झाला रे तो. आवाज फुटला त्याचा.”

मित्रांनो, तुम्हाला हसवणाऱ्यांचा आवाज कधी बसलेला वाटला, तर आणखी एकदा ओरडून दाखवा असा हट्ट करू नका. त्यांना आधी पाणी द्या. आणि ते हसून ‘सर्दी आहे’ म्हणाले, तर एकदा आणखी विचारा.