उंबरापासून ऐनापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. बैल बांधायचा नव्हे आणि विहिरीवरचाही नव्हे. माझ्यावरून शेकरं चालायची. लोंढ्याकडे जाणारा रस्ता जिथे रानातून वळतो, तिथे अलीकडे एक उंबर होता आणि पलीकडे ऐनाचे झाड. त्या दोघांच्या मध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या खूप वर, मी काही वर्षे टांगलेला होतो.

माझा जन्म मात्र रानातला नाही. मी बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत जन्मलो. तिथे घराघरांत माग खडखडत असतात आणि बोलायचे तर मोठ्याने बोलावे लागते. शिवराज नावाच्या विणकराने जाड नायलॉनचे सूत आणले. गल्लीत मागाच्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरतात तसे त्याने मला आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत पसरले. एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला त्याची बायको भाग्यलक्ष्मी, असा दोघांनी मिळून तीन पेडांना पीळ दिला. मग थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारल्या, म्हणजे पाय घसरणार नाहीत. झोपाळा करतोस काय, असे शेजाऱ्यांनी विचारले. शेकरासाठी वाट करतोय, असे त्याने सांगितले, तेव्हा गल्ली पोट धरून हसली.

शिवराज आणि वडगावचे आणखी काही जण दर रविवारी स्कूटरवरून त्या रानात जात. तिथे रानमोडी नावाचे परके झुडूप माजले होते. त्याच्याखाली आपली झाडे उगवत, पण त्यांना ऊन मिळत नसे. ही मंडळी रानमोडी मुळासकट उपटत. मग खालची जांभळाची, किंजळाची, ऐनाची रोपटी मान वर काढत. या कामाची मजुरी नव्हती. रानाला लागून जयाबाईचे शेत होते. ती त्यांच्याबरोबर दिवसभर उपटायला असे आणि दुपारी सगळ्यांना भाकरी-आमटी वाढी.

अशाच एका रविवारी रस्त्यावर मेलेले शेकरू सापडले. रस्ता रुंद झाला तेव्हा वरच्या फांद्या तोडल्या होत्या आणि दोन्हीकडच्या झाडांची एकमेकांशी गाठ तुटली होती. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस खार. ती झाडावरून झाडावर जाते. जमिनीवर सहसा उतरत नाही आणि उतरली तर भांबावते. जयाबाईने ते मेलेले शेकरू पदरात उचलून कडेला नेले. शिवराजने ते पाहिले. माझा जन्म त्या दिवशी ठरला.

जयाबाईच्या गावचा बसवंत झाडावर चढण्यात तरबेज. त्याने मला वर बांधले. पण कितीतरी महिने माझ्यावर कावळ्यांशिवाय कुणी आले नाही. ट्रकवाले खाली थांबून विचारत, हा दोर कपडे वाळत घालायला का? शिवराज वर बघे आणि रानमोडी उपटायला जाई.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. उंबर फळांनी लगडला होता. ऐनावरून एक मादी आली. तिच्या एका कानाचे टोक फाटलेले होते. तिने माझ्यावर एक पाय ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला आणि मग एका दमात पलीकडे गेली. तिचे वजन ते किती! पण तेवढ्याने मला मी कशासाठी आहे ते कळले. जयाबाई खाली रस्त्याच्या कडेला बसून राहिली होती. तिची न्याहारी तशीच हातात होती.

पुढे माझे फार कौतुक झाले. वर्तमानपत्रात फोटो आला. नंदगडकडची शाळेची मुले मला बघायला आली. बसवंतला शाल आणि नारळ मिळाला. मला वाटले, आता हे असेच चालायचे.

मित्रांनो, कुणाचे भांडण झाले नाही. कुणी वाईट वागले नाही. बसवंतला गोव्यात नोकरी लागली. वडगावच्या मंडळींचे एकेक रविवार लग्नात, बारशात जाऊ लागले. शिवराज बरेच दिवस एकटा येत राहिला, मग साड्यांची मागणी वाढली आणि तोही यायचा थांबला. रानमोडी पुन्हा वर आली. जयाबाई एकटीच विळा घेऊन तिच्यात शिरे आणि कंबर धरून बाहेर येई.

ऊन नायलॉनला खाते. वाऱ्याने उंबराची फांदी हलली की माझे टोक सालीवर घासायचे. एका वळवाच्या वाऱ्यात माझा एक पेड तुटला. दुसऱ्याला कापसासारखे तंतू सुटू लागले. जयाबाईला ते खालून दिसले. तिने शिवराजला फोन केला.

"दोर झिजलाय रं. कुणीतरी चढून बांधाय पायजे."

पुढच्या आईतवारी नक्की येतो, आक्का, असे तो म्हणाला असावा. कारण फोन ठेवून ती मला म्हणाली, "पुढच्या आईतवारी." तो आईतवार गेला. आणखी किती गेले. ती दरवेळी फोन करी आणि दरवेळी वर बघून तेच दोन शब्द सांगे.

त्यातच उंबराच्या बुंध्यावर तांबडी खूण पडली. रस्त्याचे वळण सरळ करायला तो पाडायचे ठरले होते. जयाबाई खानापूरला गेली, बेळगावला गेली. या कचेरीतून त्या कचेरीत पाठवली गेली. तिला कन्नड नीट बोलता येत होते, मराठीही येत होती. पण तिचे म्हणणे एवढेच होते, की त्या झाडावर शेकराच्या मादीने घरटे केले आहे. ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

करवती घेऊन माणसे आली तेव्हा जयाबाई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. तिने पहाटेच शिवराजला फोन केला होता. माग तसाच सोडून तो निघाला होता, पण वाट लांबची.

"वर पिल्लं हायत," ती मुकादमाला म्हणाली. "त्यांची आई ती न्हेईस्तवर तेवढं थांब."

"मला आज झाड पाडून दावायचं हाय, आक्का." पण तो माणूस वाईट नव्हता. त्याने गाड्या अडवल्या आणि माणसांना आधी शेजारची झुडपे कापायला लावले.

करवतीच्या आवाजाने फाटक्या कानाची मादी बाहेर आली. तोंडात एक पिल्लू होते. ती माझ्यावर उतरली. मी सगळा जीव उरल्या दोन पेडांत आणला. ती ऐनावर पोचली, पिल्लू तिथे दडवले आणि परत आली. खाली सगळे माना वर करून उभे होते. दुसरे पिल्लू घेऊन ती निम्म्यावर आली आणि माझा दुसरा पेड तुटला.

मी एकदम खाली झुकलो. मादी मला चारी पायांनी चिकटून राहिली. तोंडातले पिल्लू सुटले. जयाबाई पदर पसरून धावली. पदर पोचला नाही.

मादी बराच वेळ माझ्या शेवटच्या पेडाला धरून होती. खाली बघत ओरडत होती. मग पलीकडे पहिले पिल्लू कण्हल्यासारखे बोलले आणि ती त्याच्याकडे गेली. मुकादमाने खांद्यावरचा टॉवेल काढून जयाबाईकडे दिला. तिने मेलेले पिल्लू त्यात गुंडाळले.

शिवराज पोचला तेव्हा उंबर आडवा झाला होता आणि मी रस्त्यावर पडलो होतो. त्याने माझे टोक हातात घेतले. सुताचा माणूस तो. एक झिजलेली जागा कापून नव्याने गाठ मारली असती तर मी टिकलो असतो, हे त्याला सांगावे लागले नाही.

"आक्का, मी येणारच हुतो," तो म्हणाला.

"व्हय," जयाबाई म्हणाली. "समदीच येणार हुती."

त्यानंतर ती त्याच्याशी बराच काळ बोलली नाही.

आता शिवराजने नवा दोर वळला आहे. वडगावची मंडळी पुन्हा येऊ लागली आहेत. बसवंत गोव्याहून रजा काढून आला आणि रस्त्याच्या थोड्या पुढच्या भागात, दोन्हीकडची झाडे त्यातल्या त्यात जवळ आहेत तिथे, त्याने तो बांधला. जागा तितकी चांगली नाही. फाटक्या कानाची मादी पलीकडच्या झाडांवर कधीकधी दिसते, पण त्या दोरावर तिने अजून पाय ठेवलेला नाही. ठेवील की नाही, कुणाला ठाऊक नाही.

मी जयाबाईच्या गोठ्यात खुंटीला आहे. तिने मला गुरे बांधायला वापरले नाही.

मित्रांनो, दोर बांधायच्या दिवशी गर्दी होते, रोप लावायच्या दिवशी फोटो निघतात. त्यानंतर ऊन, वारा आणि परकी झुडपे आपले काम रोज करत राहतात. तुम्ही कुठे काही बांधले असेल, लावले असेल, तर एकदा जाऊन बघा. माझ्यासारखा दोर बोलत नाही. त्याला हाक मारता येत नाही. तुम्हीच मान वर करून बघायला हवे, आणि ते पुढच्या आईतवारी नको.