नेफ्यातली नाडी

गल्लीत सगळे तिला कात्रीबाई म्हणत. कपडे बेतते म्हणून म्हणतो, असं तोंडावर सांगत. जिभेवरून म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला अभिमानच होता. खिडकीखाली तिचं शिलाई मशीन. सून घरात आली तेव्हा तिने कपाटापासून कोठीपर्यंत सगळ्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या. मशीनला मात्र बोट लावू दिलं नाही. "दुसऱ्याचा हात लागला की माझा दोरा बिघडतो," एवढंच कारण. पुढे कुणी विचारायची टाप नव्हती.

मुलगा गुणी. आईने या वयात पाय झिजवू नयेत म्हणून त्याने मशीनला मोटर बसवून दिली. आता पायडल मारायला नको. पायाच्या अंगठ्याने बटण जरासं दाबलं की सुई उधळलीच. कात्रीबाईने आल्यागेल्याला मोटर दाखवली, समोरच्या शेजारणीला तर बोलावून आणून दाखवली.

आणि मग पाय सुजायला लागले. संध्याकाळी घोट्याची हाडं दिसेनाशी व्हायची. बोटाने दाबलं की खळगा पडायचा, तो भरायचं नाव नाही. तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. चिंध्यांची टोपली पायांपुढे ओढून बसायची, सैल सपाता घालायची. धास्ती एकाच गोष्टीची. पोराला कळलं की तो म्हणणार, आई, बास आता. मशीन गेलं की या घरात आपण कोण? खुर्चीवर ठेवलेलं गाठोडं!

पण सुनेच्या नजरेतून काय सुटतं? ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभी असायची. तिचेही पाय भरून यायचे, म्हणून तिला सुजेची ओळख होती.

"आई, हे कधीपासून?"

"तू खाली बघायला लागलीस तेव्हापासून."

जेवताना बातमी फुटली. मुलाचा घास हातातच राहिला. "उद्यापासून शिवण बंद. मशीन देऊन टाकू कुणाला तरी."

"आधी मला दे कुणाला तरी. मशीन अजून धड आहे."

"आधी डॉक्टरांना दाखवू," सून म्हणाली. "मग काय द्यायचं ते द्या."

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण घाई न करणारी. तिने छाती तपासली, रक्तदाब घेतला, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. सगळं ठीक निघालं. मग तिने विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?"

"आजी तुझ्या घरी. मी शिवते."

"बसून?"

"मग काय उभ्याने?"

"आणि बसल्यावर पाय हलतात का?"

"हलायचे की! दिवसभर पायडल मारायची मी. आता पोराने मोटर..." आणि कात्रीबाई थांबली. आई वाक्य अर्धवट सोडते, हे मुलाने जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "रक्त पायात आपसूक उतरतं. वर चढवायला पोटरी लागते. ती आवळली की शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं. शिरांना आतून झडपा असतात, म्हणून ते परत खाली येत नाही. पोटरी गप्प बसली की रक्त तिथेच साचतं, आणि त्यातलं पाणी झिरपून सूज येते."

"म्हणजे नेफ्यात नाडी ओवतात तसं," कात्रीबाई म्हणाली. "पिनेवर कापड चुणायचं, पुढे सरकवायचं, परत चुणायचं. नुसतं बघत बसलं तर नाडी बाहेर येते होय?"

"मी नाडी मनगटावरच पाहिलीय," डॉक्टरीणबाई हसली, "पण हो, अगदी तसंच."

"आणि माझ्यासारखं उभं राहिलं तर?" सुनेने विचारलं.

"खांबासारखं उभं राहिलात तरी तेच. मधूनमधून टाचा उचला, चार पावलं टाका."

बाहेर आल्यावर मुलाचा चेहरा एवढासा झाला होता. "म्हणजे मीच सुजवले तुझे पाय."

"सुजवले मोटरने. तू लाड केलास. आता मुकाट्याने पायडलचा पट्टा चढवून दे."

त्याने मोटर उतरवली, पट्टा चाकावर चढवला. कात्रीबाईने मोटर चांगल्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. अजून दाखवते लोकांना: "पोराने आणलीय. लागत नाही, पण आणलीय!" हळूहळू घोट्यांची हाडं जागेवर दिसू लागली. तीही दाखवते.

एका संध्याकाळी सून दुकानातून आली आणि भिंतीला टेकून पोटऱ्या चोळू लागली.

"टाचा उचलतेस की नाही?"

"उचलते हो. गिऱ्हाईकांना वाटतं, मी वरच्या फळीवरचं काढतेय. पण आज गर्दीत विसरले."

कात्रीबाई स्टुलावरून उठली. "ये, बस इथे. उशीचे अभ्रे आहेत, सरळ शिवण. चुकलीस तर उसवायला मी आहेच."

सून मशीनकडे बघतच राहिली. मग हळूच बसली, पाय पायडलवर ठेवले. चाक आधी उलटं गेलं, मग सुलटं.

"आई, तुमचा दोरा बिघडेल."

"बिघडू दे. तू पाय थांबवू नकोस."