फाटकापलीकडची वाळू

"दिसेल. दहा मिनिटांत सगळं लख्ख दिसेल," असं तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा बायकोने त्याच्याकडे न बघता सासूच्या अंगावरची शाल नीट केली.

डोंगरमाथ्यावरच्या कठड्याशी चौघे उभे होते. इथून बेटाच्या चारही बाजूंचा समुद्र दिसतो, असं तो बावीस वर्षं पाहुण्यांना सांगत आला होता. आज धुक्यात कठड्यापलीकडचं झुडूपसुद्धा दिसेना.

"इथून काय दिसायचं होतं?" आईने विचारलं.

"सगळं बेट."

"मग खाली जाऊनच बघू की. बेट काही पळून जात नाही."

मुलगी हसली. त्याला हसू आलं नाही.

तो पर्यटकांची गाडी चालवायचा. रोज हाच रस्ता, हीच वळणं. पण घरच्यांना यातलं काही दाखवायचं राहूनच गेलं होतं. पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत म्हणता म्हणता मुलगी एकवीस वर्षांची झाली, आणि उद्या सकाळच्या बोटीने ती नोकरीसाठी बेट सोडून चालली होती. बंदर, शाळा आणि दवाखाना यापलीकडे तिने बेट पाहिलं नव्हतं. म्हणून मालकाच्या हातापाया पडून त्याने आजच्यापुरती गाडी मागून घेतली होती. माथा, जंगल, धबधबा, काळं पठार, शेवटी पांढरा किनारा. सगळं मिनिटांत बसवलं होतं. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'घड्याळ' म्हणायचे ते उगाच नाही.

माथ्यावर पाऊण तास गेला. जंगलात रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. करवतवाले ते कापत होते, त्यात आणखी एक तास. तो गाडीपुढे येरझाऱ्या घालत होता. आई मात्र एका मुळावर बसून करवतवाल्याच्या बायकापोरांची चौकशी करत होती.

धबधब्यापाशी पोचल्यावर पंधराव्या मिनिटाला त्याने टाळ्या वाजवल्या. "चला, चला. गाडीत बसून घ्या."

बायको ओल्या दगडावर बसली होती, ती हललीसुद्धा नाही. "टाळ्या कशाला वाजवताय? आम्ही काय तिकीट काढून आलोय?"

"अगं, पुढचं राहील ना बघायचं."

"राहू दे. जे समोर आहे ते तरी धड बघू द्या."

तो मुकाट्याने गाडीत जाऊन बसला. कुणासाठी करतोय हे सगळं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

पुढे जंगल सुरीने कापल्यासारखं एकदम संपलं. उन्हाने करपलेलं गवत आणि त्यातून वर आलेले काळे खडक, पार समुद्रापर्यंत. त्याने घसा खाकरला. "आपल्या उजव्या बाजूला जे पठार दिसतंय, ते हजारो वर्षांपूर्वी—"

"बाबा," मुलगी मागून हळूच म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

मग पठार संपेपर्यंत त्याने नजर रस्त्यावरच ठेवली.

किनारा एका मोठ्या हॉटेलाच्या ताब्यात होता. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा. "या घड्याळबुवा. आज कोणाला आणलंत?"

"घरच्यांना."

"अरे वा. सोडा की त्यांना आत. तुम्ही बसा तिकडे सावलीत."

"आज मी ड्रायव्हर नाही. यांच्याबरोबर आलोय."

पहारेकऱ्याने मान खाली घातली. "गाडी तुम्हीच आणलीत ना? चालकांना आत सोडायचं नाही, माहीत आहे तुम्हाला. वर कॅमेरा बसवलाय. परवाच आमच्यातल्या एकाला घरी बसवलं."

हे सगळं मुलीच्या समोर. त्याचे कान तापले. पण ज्याच्याशी भांडायचं तो कोणी या फाटकात उभा नव्हता. तो घरच्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "तुम्ही या जाऊन. मी काय, रोजच बघतो."

ते खोटं होतं. दुधासारखी पांढरी वाळू, असं तो रोज सांगायचा. पण बावीस वर्षांत फाटकाच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

बायकोने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सासूचा हात धरून ती आत गेली. मुलगीही गेली. दहा मिनिटांत ती एकटीच परत आली आणि झाडाखाली त्याच्या शेजारी बसली.

"जा, नीट बघून घे," तो करवादला. "पुन्हा कधी येणं होईल, काय माहीत."

"बघितलं." तिने पायाची वाळू झटकली. "रोज इथेच बसता?"

"हो."

"किती वेळ?"

"दीड तास. कधी दोन."

ती तिथेच बसून राहिली, पाहुण्यांना लागतो तितका वेळ.

परतीच्या वाटेवर बायको पुढे, त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने आपणहून सांगू लागली, "पांढरी वगैरे नाही हो वाळू. राखाडी आहे. शिंपल्यांचा चुरा आहे, टोचतो पायाला. पण पाण्यात चार पावलं गेलं की एकदम मऊ लागते. आईंना तर बाहेर काढता काढता नाकी नऊ आले."

"पाणी कसं आहे?"

"वर कोमट. घोट्यापाशी गार."

तो ऐकत होता. वळणावर गाडी नेहमीपेक्षा सावकाश घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला बोटीत बसवून तो बंदरावरूनच पाहुणे घेऊन निघाला. पठार मागे पडल्यावर त्याने सांगितलं, "किनाऱ्याची वाळू राखाडी आहे. सुरुवातीला टोचेल. चार पावलं आत जा, मग मऊ लागते."

"तुम्ही पोहता वाटतं तिथे?" मागून एका बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आमच्या घरचे जाऊन आलेत."