जांभळी टोपी

सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा झटका आला की ओर्लीन आधी इस्त्रीचा निळा ड्रेस कपाटातून काढून घालायची, मग दवाखान्याचं बघायची. कुणी वेडी म्हणेल, म्हणो बापडे. तिची बहीण जुनेट याच दुखण्यानं ओरडत, घरच्या गाऊनमध्येच इमर्जन्सीत गेली होती. 'हिला नशेचं इंजेक्शन हवंय,' म्हणून गोऱ्या डॉक्टरनं तिला बाहेर बसवलं, आणि बसल्या जागीच ती गेली. तेव्हा आईनं घरात कायदाच करून टाकला: काळ्या माणसानं दवाखान्यात चर्चच्या कपड्यांत जायचं आणि आवाज चढवायचा नाही.

त्या मंगळवारी सकाळी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, आपल्या एका खोलीच्या घरात ओर्लीनची हाडं आतून कुणी ठेचावीत तशी दुखत होती. एकटा जीव, पाठीची चेन ओढायलाही कुणी नाही. सुजल्या बोटांनी तिनं कशीबशी लिपस्टिक लावली, चर्चला जायची जांभळी टोपी घातली. यातच पाऊण तास गेला.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "दुखणं किती? एक ते दहात सांगा."

दहा म्हटलं की कांगावा वाटतो, हे ती शिकून चुकली होती. "आठ," ती हळूच म्हणाली.

तीन तासांनी डॉक्टर उगवला. "आठ? बाई, तुम्ही तर लग्नाला निघालेल्या दिसताय!" वर हसला मेला.

"खरंच सहन होत नाही हो, साहेब. माझी फाइल बघा. दर वेळी मला इंजेक्शनच लागतं." तिनं औषधाचं नाव सांगितलं, किती द्यायचं तेही सांगितलं.

त्याचं हसू मावळलं. "सगळं पाठ आहे की! साधी गोळी देतो. घरी जाऊन पडा."

ओरडलं तर नशेबाज, गप्प बसलं तर ठणठणीत. आता माणसानं करावं तरी काय?

बसथांब्यावर फोन वाजला. जुनेटची पोरगी डेल्फी. तिलाही हेच दुखणं.

"मावशी, दिलं का गं इंजेक्शन?"

एकोणीस वर्षांची पोर. खरं सांगितलं तर उद्या झटका आल्यावर घरातच तळमळत पडेल, दवाखान्याची पायरी चढणार नाही.

"दिलं की! लगेच दिलं," ओर्लीन दात आवळून म्हणाली.

"बघ, टोपीचा गुण! मीपण माझा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय."

"शहाणी गं माझी बाय."

तिनं फोन ठेवला. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. तरीही ओर्लीननं डोक्यावरची टोपी काढली, तोंडावर घट्ट दाबली आणि मगच ओरडली.