खोल पाण्यातलं नाव

बाईंचा नवरा समुद्रात गेला तो गेलाच. संशोधनाच्या जहाजावर होता. जाळं वर आलं आणि ते ओढणारा लाटेबरोबर खाली गेला. हाती लागले फक्त त्या जाळ्यातले मासे: काळेकुट्ट, वीतभर, कधी सूर्य न पाहिलेले. तसले मासे पूर्वी कुणाला ठाऊक नव्हते. संग्रहालयात मासे तपासायचं काम बाईंचंच. त्यांनी त्या अख्ख्या प्रजातीला नवऱ्याचं नाव दिलं.

तेव्हापासून सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "लेक गेला, पण नाव ठेवून गेला. पुस्तकात आहे!"

आणि आता बाईंच्याच हाताखाली शिकलेला शिष्य मान खाली घालून समोर उभा होता. परक्या संग्रहालयाच्या तळघरात त्याला शंभर वर्षांपूर्वीची बरणी सापडली होती, ती तो मागून घेऊन आला होता. आत तोच मासा, तेव्हाच दुसरं नाव दिलेला. या कामात नियम एकच, आधीचं नाव खरं आणि नंतरचं बाद.

"कुणाचं नाव दिलंय?" बाईंनी विचारलं.

"तेव्हाच्या जहाजाला पैसे देणाऱ्या शेठचं."

"तो गेला होता का समुद्रावर?"

"छे! त्याला बोट लागायची म्हणे."

बाई हसल्या. असलं कडूजहर हसू शिष्याने कधी पाहिलं नव्हतं. मग दुपारभर त्यांनी भिंगाखाली दोन्ही मासे ताडून पाहिले. दात, पंखांचे काटे, पोटावरचे उजेडाचे ठिपके. एवढासा तरी फरक सापडावा! पण मेलं सगळं जुळत होतं.

"बाई, तुम्ही म्हणाल तर हा शोध नाही छापत," शिष्य पुटपुटला. "कुणाला कळतंय?"

वा रे वा! म्हणजे पाप बाईंच्या पदरात आणि हा मोकळा.

"हेच शिकवलं का रे मी तुला?" त्या कडाडल्या. "छाप. आणि तपासून पाहणारी म्हणून माझं नाव घाल त्यात."

घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं.

"तुला नाही म्हणता आलं असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"आलं असतं."

"मग?"

"मासा तोच होता, आई."



"त्याला त्या जहाजावर जायला तू भरीस घातलंस," सासूबाई म्हणाल्या. "सगळे तुला बोल लावत होते, मी नाही लावला. आज लावते. तो गेला त्याचाही आणि नाव गेलं ह्याचाही."