पिंडरीची परीक्षा

प्रीतमच्या मनात एकदा शंका शिरली, की ती पाय पसरून मुक्कामालाच बसते. या वेळी तर शंका सख्ख्या भावाबद्दल होती.

नागपूरच्या मिरचीबाजारात प्रीतम आणि त्याचा थोरला भाऊ देवराव यांची हमालीची जोडी वीस वर्षांची. पोत्याच्या एका टोकाला देवराव, दुसऱ्याला प्रीतम. उन्हाळ्यात देवरावचं हृदय कमजोर झालं, धाप लागून तो बाजारातच खाली बसला. औषधं चांगली लागू पडली. पाच महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं पंपिंग बरंच सुधारलं आहे. तरी गडी घरीच. पालुपद एकच, पायात जीव नाही.

हृदय सुधारलं, मग पायांना काय धाड भरली? प्रीतमचं डोकं फिरलं. बाजारात नवा हमाल घेताना मुकादम त्याची पिंडरी, म्हणजे पायाची पोटरी, दाबून बघतो. टणक लागली की माणूस पसंत. एका दुपारी देवरावचा डोळा लागलेला बघून प्रीतमनंही हळूच त्याची पिंडरी दाबली. पहिल्यासारखीच टणक. मग आणखी काय पुरावा हवा होता? त्या दिवसापासून तो भावाशी तुटक वागू लागला, आणि देवराव भिंतीला धरून मोरीपर्यंत गेला तरी त्याला ते नाटकच वाटायचं.

अशात दवाखान्यातल्या डॉक्टर मुग्धाबाईंनी देवरावच्या मांडीच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा मागितला. हृदयरोग्यांच्या स्नायूंवर त्यांचं संशोधन चालू होतं. तुलनेसाठी तेच काम करणारा एक धडधाकट माणूसही हवा होता. दुखणं छातीत आणि तुकडा मांडीचा, यातही काहीतरी काळंबेरं आहे असं प्रीतमला वाटलं. तरी तो लगेच तयार झाला. दोघांचे तुकडे शेजारीशेजारी तपासले की दादाचं पितळ आपोआप उघडं पडेल, हा त्याचा हिशोब. काय निघेल ते मला सांगायचं, एवढी अट घालून त्यानं सही ठोकली. देवरावनं हरकत घेतली नाही.

तपासणीला वेळ लागला. तेवढ्यात नवी मिरची बाजारात आली आणि मुकादम श्रीधर अडून बसला. देवरावचा हमालीचा बिल्ला ठेवायचा की दुसऱ्याला द्यायचा? जोडीदार म्हणेल ते खरं, ही बाजाराची रीत.

"ढोंग करून राहिला तो," प्रीतम म्हणाला. "देऊन टाका दुसऱ्याले."

दुसऱ्याच दिवशी मुग्धाबाईंचा फोन आला. दोघा भावांना बोलावलं होतं, पण दवाखान्याचा जिना चढवणार नाही असं देवराव म्हणाला, म्हणून प्रीतम एकटाच गेला. बाईंनी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. स्नायूच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, कधी काय तयार करायचं ते तीच ठरवतात. ताकद पुरवणारी जनुकं प्रीतमच्या तुकड्यात जोरात कामाला लागलेली होती, देवरावच्या तुकड्यात ती मंदावली होती. हृदय बिघडलेल्या इतर रोग्यांतही त्यांना हेच दिसलं होतं. नुसतं घरी बसून एवढा फरक पडत नाही. हृदयाचं दुखणं पायांपर्यंत पोचतं, आणि हृदय सावरलं तरी पाय मागे राहतात.

"पण पिंडरी तर टणक लागते, बाई."

"हाताला ते कळत नाही. रोज थोडं थोडं चालवा त्यांना, फरक पडेल. पण मोठं ओझं उचलणं आता अवघड आहे."

प्रीतम खाली उतरला. स्वतःचीच इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बिल्ला परत मागायचं त्याच्या मनात आलं, पण तो सकाळीच दुसऱ्याच्या छातीवर लागलेला त्यानं पाहिला होता. दादापासून लपवावं, असंही एकदा वाटलं.

घरी देवराव खाटेवर बसला होता. प्रीतमनं चपलाही काढल्या नाहीत.

"दादा, मी मुकादमाले म्हटलं, तू ढोंग करून राहिला. तुहा बिल्ला त्यानं दुसऱ्याले देल्ला."

देवरावनं विचारलं, "अन् डॉक्टरीण काय म्हणे?"

"ढोंग नाही म्हणे. पायच थकले तुहे. तुह्या हातात नाही ते."

देवरावचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि हा राक्षसासारखा माणूस लेकरासारखा रडायला लागला. बिल्ल्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

"मले वाटे मीच कामचोर झालो गा," तो म्हणाला. "सहा महिन्यांपासून रोज सकाळी सोताले शिव्या देऊन राहिलो."